नळीवरचा धागा

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास बराच पातळ झाला होता. माझ्या पत्नीला, मंगलला, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि ‘घरी न्या’ म्हणजे काय हे न कळण्याइतका मी भाबडा नव्हतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी फिटर. बिघडलेली वस्तू उघडायची, दोष शोधायचा, जोडून द्यायची, हेच आयुष्यभर केलं. घरातलं माणूस मात्र डोळ्यांदेखत झिजत होतं आणि पाना लावायला जागा सापडत नव्हती. देवघरासमोर उभा राहायचो तो तिच्या समाधानासाठी. मनातून रागच यायचा.

मंगलची एकच इच्छा उरली होती, वणीच्या गडावर जाऊन देवीची ओटी भरायची. आमची कुलदेवी ती. एसटीचे धक्के तिला सोसवले नसते, म्हणून मी दारातली जुनी गाडी दुरुस्तीला घेतली. सिग्नलला थांबली की ती थरथरून बंद पडायची आणि ब्रेक दगडासारखा घट्ट व्हायचा. रोग मला कळत होता. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीच्या जोरावर ब्रेक हलका होतो, आणि ही ओढ रबराच्या नळ्यांतून फिरते. एखादी नळी चिरली की बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिनाला धाप लागते. बॉनेटखालच्या नळ्या मी एकेक करून टोकापासून टोकापर्यंत चाचपल्या, चिमटीत दाबून इंजिन सुधारतं का पाहिलं, वाळलेल्या होत्या त्या बदलल्या. खरं तर फुसफुस ऐकूनच जागा सापडते. पण कारखान्यातल्या प्रेसच्या धडधडीत माझ्या कानांचं बारीक ऐकणं कधीच गेलं होतं. मंगल म्हणायची, यांना फक्त जेवायला हाक मारलेली ऐकू येते.

एका नळीला मात्र मी हात लावला नाही. इंजिनापासून ब्रेककडे जाणारी ती जाड नळी. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की मंगल गडावरून आणलेला लाल धागा तिच्यावर बांधायची, कारण बॉनेटखाली धागा बांधण्याजोगं तिला तेवढंच दिसलं होतं. जुना काढायचा नाही, नवा त्याच्यावरच गुंडाळायचा. होता होता तिथे मनगटाएवढा गोंडा झाला होता. आधी मी तिची चेष्टा करायचो. ती आजारी पडल्यावर मात्र त्या धाग्याला हात लावायची मला धास्ती वाटू लागली. देव मानायचा नाही, पण धागा सोडला आणि काही झालं तर, ही भीती पोटात. माणूस असा विचित्र असतो.

नळ्या बदलल्यावर गाडी बरीच सुधारली आणि आम्ही सकाळीच निघालो. दिंडोरी मागे पडली आणि पुढे एका द्राक्षबागेशी गाडी पुन्हा थरथरली, बंद पडली. ब्रेक पुन्हा घट्ट. अशा ब्रेकवर गडाचा घाट चढता-उतरता येणार नव्हता, आणि आज मागे फिरलो तर ओटी कायमची राहणार होती. मागच्या सीटवर मंगल उशीला टेकून डोळे मिटून पडली होती. “राहू द्या,” ती म्हणाली, “इथूनच नमस्कार करते.” मी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि देवीला मनातल्या मनात नको ते बोललो.

बागेतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोईवर पदर, कमरेला छाटणीची कात्री. आधी तिने मंगलला पाणी दिलं, मग मला. “चालू करा बरं गाडी,” म्हणाली. मी चालू केली. ती मान एका अंगाला कलती करून थोडा वेळ ऐकत राहिली.

“हितं फुसफुसतंय,” तिने त्या लाल गोंड्याकडे बोट दाखवलं. “आमचं ठिबक फुटलं का आसंच वाजतं. वरून चिंधी बांधली तरी खालची चीर काय बुजत नाय.”

“मावशी, तो देवीचा धागा आहे.”

“मंग काय झालं? धागा सोडला म्हंजी देवी सोडली आसं थोडंच हाय?”

मी जागचा हललो नाही. मंगलने ऐकलं होतं. “अहो, मला उतरवा,” ती म्हणाली. मी तिला धरून पुढे आणलं. इंजिन निवेपर्यंत ती बॉनेटला टेकून उभी राहिली, मग एकेक गाठ सोडू लागली. नखांत जोर नव्हता, पण कात्री लावू देईना. शेवटचा वेढा निघाला आणि खाली तडकलेलं रबर दिसलं. ती हसली. “काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्याच गाठीखाली होतं की हो.”

चिरलेला भाग मी कापून टाकला. उरलेल्या दोन टोकांना सांधायला काही नव्हतं. ती बाई बागेत जाऊन ठिबकच्या नळीचा एक काळा जोड घेऊन आली. नळीची दोन्ही टोकं त्याच्यावर घट्ट बसली. शेतातल्या पाण्याचं आणि गाडीच्या इंजिनाचं माप एक कसं निघालं, याचा मी फिटर असून कधी खल केला नाही. तारेने आवळलं, गाडी सुरू केली. इंजिन एका लयीत चालू लागलं आणि ब्रेक पायाखाली अलगद दबला.

सोडलेला धागा मंगलच्या मुठीत होता. “परत बांध,” मी म्हणालो. “आता गाडीला नको,” ती म्हणाली, आणि त्यातला बरासा तुकडा तोडून तिने माझ्या मनगटावर गुंडाळला. “माझ्यामागे हा असू द्या. पण आपणहून गळून पडला तर शोधत बसायचं नाही. कबूल?” मी मान हलवली आणि तिथेच रस्त्यावर रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजारी कोण होतं, कळू नये असं ते दृश्य होतं. तोवर ती बाई रिकामा तांब्या घेऊन वेलींमध्ये निघून गेली होती. परतताना मी बाग शोधली, पण त्या रस्त्याला सगळ्या बागा सारख्याच, ओळखता आली नाही.

गडावर मंगलला डोलीतून वर नेलं. आमच्या देवीची मान एका अंगाला किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर चाललेलं पारायण ती ऐकते, असं जुनी माणसं सांगतात. ती मान पाहिली आणि मला रस्त्यावरची ती बाई आठवली. मंगलचं आयुष्य मागायचं, भांडून मागायचं, असं ठरवून मी आलो होतो. मंगलने खण, नारळ, तांदूळ वाहिले आणि बराच वेळ माथा टेकवला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “आई, तू ऐकलंस. आता ही तुझी.”

घाट उतरताना तिने विचारलं, “काय मागितलंत?”

“काही नाही.”

“मीपण नाही,” ती म्हणाली आणि नाशिक येईपर्यंत शांत झोपली.

दिवाळीच्या आत ती गेली. गडावर जाऊन काय मिळालं, असं कोणी कोणी विचारलं. मी वाद घातला नाही. तिची ओटी भरली गेली आणि तिची शेवटची वाट धक्क्यांशिवाय झाली, त्याचे आभार मी रोज मानतो. तो जोड अजून तिथेच आहे. दसऱ्याला बॉनेट उघडून हळदकुंकू वाहतो आणि गाडी चालू करून मान कलती करून उभा राहतो. ऐकू काही येत नाही, तरी उभा राहतो.

धागा पुष्कळ दिवस मनगटावर होता, विटून पांढरट झाला. एका सकाळी हात धुताना पाहिलं तर मनगट मोकळं. मी चटकन मोरीत वाकलो. मग तिला दिलेला शब्द आठवला. सरळ उभा राहिलो आणि नळ बंद केला.