मांडवाबाहेरचा धवला

आत्याने धवले म्हणायचं सोडलं ते माझ्यामुळे. घरात हे मला तोंडावर कुणी म्हटलं नाही. वडिलांनी नाही, आईने नाही, आत्याने तर नाहीच. पण मला ते माहीत आहे. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांनी माझ्यावर रागवायचं ती माणसं राहिली नाहीत.

आम्ही ठाण्याजवळच्या माजिवड्याचे आगरी. वडील आणि आत्या दोघंही खाडीकडच्या मिठागरात कामाला जात. आत्याचं सासर गावातच, आमच्यापासून दोन घरं सोडून. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचांना भेगा पडत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ती त्यांत खोबरेल भरत असे. गावात लग्न निघालं की मात्र हीच बाई निराळी दिसायची. ती आमची धवलारीण होती. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण करते. ती धवले गाते, त्या गाण्यातून गावदेवीला, खाडीला, घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांना मांडवात बोलावते, आणि ते सगळे आले असं तिने म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. त्या दिवशी ती सकाळपासून तोंडात पाणीही घेत नसे. दांडगे दांडगे बाप्ये तिच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलत.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या शाळेत जात होते. स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्या गावातून तिथे जाणारी मी एकटीच मुलगी. पहिल्याच आठवड्यात मी धडा वाचताना ‘घोडा’ला ‘घोरा’ म्हटलं आणि वर्ग हसला. पुढे वर्षभर मला ‘ए घोरा’ अशीच हाक होती. मी बोलणं बदललं. घरी एक आणि शाळेत एक, अशा दोन जिभा ठेवायला शिकले.

आम्हाला मराठी शिकवायला एक सर होते. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि ते गणेशोत्सवातल्या नाटकांसाठी लिहायचे. एकदा त्यांनी वर्गातच विचारलं, “तुमच्यात लग्नात बाई मंत्र म्हणते म्हणे? खरं का गं?”

शाळेत माझ्या गावाबद्दल कुणी काही विचारलं असं ते पहिल्यांदाच. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, “हो सर. माझी आत्याच म्हणते.”

सरांना धवले ऐकायचे होते. मी घरी येऊन विचारलं, तर आत्या साफ नाही म्हणाली. “मांडव कुठं हाय? नवरी कुठं हाय? धवला काय तोंडाला येईल तवा म्हनायचा?”

“ते लिहून घेणार आहेत. नाटकात मान राखून घालणार आहेत.”

“नाटकात कुणाचं लगीन हाय?”

मी रुसले. दोन दिवस नीट जेवले नाही. आत्याला मूल नव्हतं आणि तिचा जीव माझ्यात होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिने वडिलांकडून अंगणात चार बांबू रोवून घेतले, वर आंब्याचे टहाळे टाकले आणि मला म्हणाली, “बस पाटावर. तुझ्या लगनाचा म्हनून म्हनते. उगाच नाय म्हनायची मी.”

रविवारी सर आले. बरोबर पेटी वाजवणारा एक मित्र होता. आईने पितळेच्या तांब्यातून पाणी आणलं. “आत्ताच चहा झालाय,” असं म्हणून सरांनी तांब्या तसाच बाजूला ठेवला. आत्याने तो तांब्या पाहिला. मग डोळे मिटून तिने तासभर धवले म्हटले. मी पाटावर बसले होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. सरांची पेन्सिल वहीत सारखी चालू होती. जाताना ते म्हणाले, “बाई, तुमचं नाव करतो बघा.” नाव काय, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभर शाळा सुटल्यावर मी तालमीला जात होते. सरांनीच बोलावलं होतं. धवलारणीचं काम करणारा नट कचेरीत कारकून होता. त्याला आमचे उच्चार जमत नव्हते. ते मी त्याला शिकवले. ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणायचं, ‘मला’ला ‘मना’. तो चुकला की मी दुरुस्त करायची आणि सगळे म्हणायचे, “वा! आमच्या मास्तरीणबाई!” ज्या शब्दांवरून वर्ग मला हसला होता तेच शब्द मी एका मोठ्या माणसाला घोटून घोटून शिकवत होते आणि माझी छाती फुलत होती. सगळ्या प्रवेशाची तालीम मी पाहिली नव्हती. पाहायला मागितलीही नाही.

गणपतीत बायकांसाठी नाटकाचा दुपारचा खेळ ठेवला होता. आत्या लग्नाला नेसायचं हिरवं लुगडं नेसून आली. आम्हाला मागे, खांबाजवळ बसवलं. माझ्या वर्गातल्या मुली पुढच्याच रांगेत होत्या.

पडदा वर गेला. पोटाला उशी बांधलेला, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेला तो कारकून हातात ताडीचं मडकं घेऊन झुलत आला आणि धवला म्हणायला लागला. चाल आत्याचीच, पण ढोलकीवर पळवलेली. जिथे गावदेवीचं नाव यायचं तिथे ताडी होती. खाडीच्या जागी बोंबील होते. गेलेल्या वडीलधाऱ्यांना बोलवायच्या ओळीत आमच्याच घरातली खरी नावं होती, आणि एक मेलेला सासरा मडक्यातला वाटा मागायला उठून येत होता. दर ओळीला ‘मना’ आणि ‘गारी’, मी शिकवलेले, अगदी बरोबर. मंडप हसून हसून पडत होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी मागे वळली, डोळे पुसत मला म्हणाली, “कित्ती छान गं! तूच शिकवलंस ना?”

आणि मी हसले. मान हलवून, दात दाखवून हसले. आत्या माझ्या शेजारी बसली होती.

‘वन्स मोअर’ झाला. दुसऱ्यांदा सगळं गाणं होईपर्यंत आत्या जागची उठली नाही. घरी येताना रस्त्यात तिने एवढंच विचारलं, “मेलेल्यांची नावं तू सांगितलीस का त्यांना?”

“नाही गं आते. तूच म्हटलीस तेव्हा त्यांनी लिहिलं.”

“हां,” ती म्हणाली. “मीच म्हटली.”

नाटक पडलं असतं तर निभावलं असतं. पण ते गाणं चाललं. कल्याणच्या, डोंबिवलीच्या मंडळांनी बोलावणी केली. पुढे पुढे नाटक कुणाला नको होतं, फक्त तो प्रवेश हवा होता. त्या कारकुनामागे पोरं फिरायला लागली. त्याच्यासारखं झुलायचं, त्याच्यासारखं खोचायचं, प्रत्येक खेळाला जाऊन त्याच्याबरोबर ओळी म्हणायच्या. त्याला हार पडायचे. कल्याणला तर त्याच्या नकलेची स्पर्धा लावली होती म्हणे. आमच्या गावच्या बायका भाजी घेऊन नौपाड्यात गेल्या की गॅलरीतून हाका यायच्या, “ए, तो ताडीचा धवला म्हण ना!” आमच्या बायका आधी नुसत्या बघत राहायच्या. मग एकीने म्हणूनही दाखवला, कारण त्या दिवशी भाजी लवकर खपली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात एक लग्न होतं. नवऱ्याचे कारखान्यातले सोबती आले होते. आत्याने डोळे मिटले, पहिली ओळ म्हटली आणि त्या पोरांनी टाळ्यांवर ठेका धरला. पळता ठेका, नाटकातला. वाईट मनाने नव्हे, कौतुकाने. त्यांना वाटलं, हिला ते गाणं येतं. मांडवातली आमचीच चार-पाच पोरंही त्यांत मिसळली. आत्या थांबली. वाटीतली हळद तशीच होती. नवरीची आई हात जोडून म्हणाली, “म्हन ना गो, वेळ चालली.” आत्याने पुन्हा सुरुवात केली आणि ती चालच हरवून बसली. तिच्या तोंडून ती पळती चाल यायला लागली. तिने तोंडावर पदर दाबला आणि उठली. दुसऱ्या एका म्हातारीने कसंबसं पुरं केलं. त्यानंतर आत्याने धवला म्हटला नाही.

मी सरांकडे गेले. धवले लिहून घेतलेली ती वही मागितली.

“वही नाटक मंडळाची आहे,” ते म्हणाले. “आणि झालं काय एवढं?”

“आत्या आता गात नाही, सर.”

“अगं, विनोद आहे तो. तुमच्या समाजाची आजवर कुणी दखल तरी घेतली होती का? आज सगळं ठाणं तुमचं गाणं म्हणतंय.”

“आमचं नाही ते.”

“बरं, नाटक छापलंय, त्यात आभार मानलेत,” असं म्हणत त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. ‘एका आगरी बाईच्या तोंडून ऐकलेल्या गाण्यावरून.’ मी ती ओळ दोनदा वाचली. वाद घालायला हवा होता. पण वार्षिक परीक्षेचे पेपर त्यांच्याकडे होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. मी “थँक्यू सर” म्हटलं आणि आले.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आत्याच्या पाया पडून विनवलं. ती तांदूळ निवडत होती. “तुझा म्हटलाय मागंच,” ती म्हणाली. “एका पोरीचा दोनदा नाय म्हनत.” ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. दोन वर्षांनी ती गेली. तिच्याकडून कुणी शिकलं नव्हतं. मीही नाही.

तोवर मी कल्याणच्या एका शाळेत शिकवत होते. स्नेहसंमेलनाच्या यादीत तेच गाणं आलं. या वेळी मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि हे गाणं होणार असेल तर मी राजीनामा देईन, असं उभ्या उभ्या सांगितलं. त्या चकित झाल्या. “नाट्यगीत आहे हो साधं,” म्हणाल्या. पण त्यांनी ते काढलं. आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट धड केली असं मला दोन दिवस वाटत होतं.

त्या गाण्यात मुख्य काम सातवीतल्या एका मुलीला दिलेलं होतं. मुलगी आगऱ्यांचीच, खाडीकाठच्या गावातली. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने आईचं लुगडं मागून आणलं होतं. काम गेलं हे कळल्यावर ती प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांसमोर रडली आणि पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिची आई शाळेत आली. दारातच चपला काढून उभी राहिली आणि मला म्हणाली, “बाई, आमच्या पोरीचं काय चुकलं? इतक्या वर्षांत तिला पयल्यांदा कुणी पुढं उभी केली होती.”

मी तिला आमच्या बोलीत सांगायचा प्रयत्न केला. शाळेत उभी राहून ती बोली माझ्या तोंडाला आली नाही. मग मी तिला शुद्ध मराठीत काहीबाही समजावलं. ती “बरं बाई” म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली.