मोरीतला कारखाना

तर शेवटी ते दगड कापायचं मशीन मोरीतच बसलं. वायसरने आधी गॅलरी मागितली होती, पण तिथे कपडे वाळत घालायचे असतात. मग पलंगाखालची जागा मागितली, तर बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, "मागची मोरी?"

काल इथे गप्पांना जे बसले नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. वायसर आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. चाळीस वर्षं नळाची कामं केली त्याने. कुणाचाही नळ गळायला लागला की हा दारातूनच म्हणायचा, "वायसर गेला असेल." बहुतेक वेळा वायसरच गेलेला असायचा, म्हणून ते नाव चिकटलं. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल का, शंकाच आहे.

आता पाईप टाकायचा म्हणजे चर खणायचा, आणि चर खणला की दगड निघणार. बाकीचे ते बाजूला भिरकावत. हा धुऊन खिशात टाकायचा. घरात बिस्किटांचे सात डबे दगडांनी भरलेले, आणि प्रत्येक दगडाला चिठ्ठी. 'दवाखान्यामागचा चर.' 'पाण्याची टाकी, खालच्या अंगाने.' 'मुख्य रस्ता, फुटका पाईप, उपाशी काम केलं.' दिसायला सगळे सारखेच, मातीतून काढलेल्या बटाट्यासारखे. काम सोडलं त्या आठवड्यात तो मला म्हणाला, "आबा, इतकी वर्षं यांना बाहेरूनच ओळखतोय. आत काय आहे ते एकदा बघायचंय."

त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मोरी दिली, पण फुकट नाही. मी समोर बसून चहा पीत होतो, तेव्हा मी साक्षीदार. "इमारतीतून एक जरी तक्रार आली," वहिनी म्हणाल्या, "तर त्याच दिवशी कारखाना बंद. मग वाद घालायचा नाही."

"एकही येणार नाही," वायसर म्हणाला.

मग काय, बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची मोटर काढली. बेअरिंगवर दांडा बसवला. एका टोकाला हिऱ्याची कड असलेलं पातळ पातं, दुसऱ्या टोकाला घासायची चाकं. पात्यावर सतत पाणी पडत राहायला हवं, नाहीतर पातं तापतं आणि दगडाची धूळ छातीत जाते. तो नळ बसवण्यातच त्याने दोन दिवस घातले. मला तासभर तेवढंच दाखवत होता. "बघा आबा, धार नाही आणि थेंबही नाही. बरोब्बर मधलं आहे!" दगड अजून एकही कापला नव्हता.

पहिल्या दगडाला अर्धा तास लागला. दोन फाका हातात आल्या, तर मातकट सालीच्या आत पांढरं, निळसर, पुन्हा पांढरं अशी वर्तुळंच वर्तुळं. वायसर मोरीच्या उंबऱ्यावर बसूनच राहिला. मग घासणं सुरू. आधी खरखरीत चाक, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकावर ती गुलाबी पावडर, चष्म्याच्या काचांना चमक आणायला वापरतात ती. एका चाकावरून दुसऱ्यावर जाताना दगड, हात, नखंसुद्धा ब्रशने धुवायची. मागच्या चाकाचा एक कण पुढे आला की सगळं पहिल्यापासून. मला हे लगेच पटलं. आमच्या गावच्या शाळेत आम्ही पाटी कोळशाने घासायचो, आणि कोळशात वाळूचा खडा निघाला की पाटीला जन्माचा ओरखडा.

तीन महिने मजेत गेले. आणि मग तळमजल्यावरच्या बाईंची मोरी तुंबली.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं आणि वायसरचं अकरा वर्षांचं जुनं भांडण. त्या मोरीत चहाचा चोथा टाकतात, हा याचा ठाम आरोप. भेट झाली की सुरू. "बाई, मोरी म्हणजे कचऱ्याची पेटी नव्हे." त्यावर बाई, "आणि तुम्ही म्हणजे माझे इन्स्पेक्टर नव्हेत."

पण पाणी चढलं तेव्हा बोलावलं वायसरलाच. तार आणि बादली घेऊन तो अगदी खुशीत खाली आला. आम्ही चार माणसं दाराशी जमलो. वहिनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. आत शिरायच्या आधीच याने निकाल दिला, "चहा!"

बाई काही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत, पण घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या, त्यामुळे आधी वाट करून दिली. वायसरने जाळी काढली, कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर गाळ वर काढला. राखाडी, घट्ट, सिमेंट कालवल्यासारखा. त्याने तो अंगठ्याने चोळला. थांबला. पुन्हा चोळला. उजेडात धरला, तर त्यात कुठेकुठे गुलाबी झाक.

"चहाच आहे ना?" बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "चुकलं माझं. आजपासून चोथा कुंडीत टाकीन."

अकरा वर्षांत जे वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं, ते मिळालं. वायसरने फक्त मान हलवायची होती. त्याने वहिनींकडे एकदा बघितलं.

"नाही बाई," तो म्हणाला. "हे तुमचं नाही. हे माझं आहे. दगडाचं पाणी दुधासारखं पातळ दिसतं, म्हणून वाटलं जाईल वाहून. ते तुमच्या पाईपच्या वळणावर येऊन बसलं."

बाईंचा आवाज परत आला, सबंध शाळेला पुरेल एवढा. "म्हणजे मला चहा, चहा म्हणून छळलंत, आणि स्वतः दगड टाकताय? मोरीत? दगड?"

आम्ही हसू दाबत होतो. वहिनी मात्र जिन्यातून शांतपणे म्हणाल्या, "बाई, ही तक्रार धरायची का?"

"धरायची म्हणजे? लिहून देऊ का?"

वायसरने पाईप साफ केला, फरशी धुतली, वर जाऊन मोटरचा पट्टा काढला. दुपारपर्यंत सगळं पोत्यात बांधून कपाटावर. वाद घातला नाही. पुढचे आठ दिवस तो भेटला की माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा. वायसर हवापाण्याचं बोलतोय म्हटल्यावर मला काळजीच वाटली.

नवव्या दिवशी बाई गुडघे धरत तीन मजले चढून आल्या. धापा टाकतच म्हणाल्या, "कशाने तुंबली माझी मोरी, ते तरी बघू द्या."

वायसरने डबे काढले. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठ्या वाचल्या, दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि खिडकीतली एक फाक उचलली. "हा कुठला?"

"तुमच्या शाळेच्या फाटकासमोरचा. मुलं चिखलात घसरतात म्हणून तुम्ही मला ओरडला होतात."

"ओरडले होते? बरोबरच केलं." फाक मात्र त्या खाली ठेवेनात. एक अंग आरशासारखं, त्यात बाईंचं नाक दिसत होतं. दुसरं अंग खरबरीत. "आणि हे असं का?"

"तिथवर आलो होतो. मग बंद पडलं."

बाई वहिनींकडे वळल्या. "अर्धवट काम मी कधी खपवून घेतलं नाही. माझी तक्रार मागे."

"तुम्ही घ्याल हो," वहिनी म्हणाल्या, "पण पाईप परत तुंबला म्हणजे?"

दोघी वायसरकडे बघायला लागल्या. वायसर उठला, कोऱ्या चिठ्ठीवर चित्र काढायला बसला. तीन बादल्या, पायऱ्यांसारख्या. पहिलीत गाळ बसेल, उरलेला दुसरीत, तिसरीतलं निवळ पाणी पुन्हा पात्यावर. गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात. मोरीच्या जाळीवर बूच, एक थेंब जाणार नाही. वहिनींनी चित्र दोनदा बघितलं आणि बूच स्वतःच्या हाताने ठोकून बसवलं.

हल्ली दर शनिवारी बाई तपासणीला येतात. तिसऱ्या बादलीत दोन बोटं बुडवून चोळून बघतात आणि मार्क देतात. गेल्या शनिवारी शंभरपैकी चाळीस मिळाले, तर हा पठ्ठ्या इमारतभर सांगत फिरला.

परवा त्याच्याजवळ बसलो होतो, तेव्हा विचारलंच. "काय रे, तो गाळ तुझ्याशिवाय कुणीही ओळखला नसता. चहावर ढकलून मोकळा झाला असतास, तर मशीन एक दिवसही बंद पडलं नसतं. मग बोललास कशाला?"

वायसरने मोटर बंद केली, हात पुसले आणि म्हणाला, "ढकललं असतं हो आबा. पण मग बाईंनी चोथा टाकणं खरंच थांबवलं असतं, आणि महिन्याभरात मोरी परत तुंबली असती. तेव्हा मी नाव कुणाचं घेणार होतो, तुमचं?"