भोगीचं पहिलं ‘नको’

निघायच्या सकाळी महादेवीनं माझ्या बॅगेतले दोन स्वेटर काढले आणि त्या जागी कडक भाकरी रचल्या. “अगं, मेलबर्नला थंडी असते म्हणे,” मी म्हटलं. “पोट भरलं की थंडी वाजत न्हाय,” ती म्हणाली. सुनंदा नुसती रिक्षाच्या दांड्याला धरून उभी होती. हे गेल्यावर मी एकटी राहू नये, असा मुलाचा हट्ट होता. तो घड्याळ बघत होता.

आम्ही तिघी एकाच शाळेत शिकवायचो. दरवर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, एकीच्या घरी शाळेतल्या सगळ्या बायकांचं जेवण. न खाई भोगी तो सदा रोगी, म्हणून तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, पावटा-वांगं-गाजराची भाजी. कुणी आपल्या हातानं वाढून घ्यायचं नाही आणि पहिलं ‘नको’ कुणी ऐकायचं नाही, हा आमचा नेम. महादेवी अक्कलकोटकडची, अर्धी कानडी. भाकरी घेऊन ती डोक्यावर उभीच राहायची. “पयलं नको तोंडाचं असतंय, पोटाचं नसतंय. खा की.” खरंच पुरे असेल तर ताटावर आडवा हात धरायचा. मग ती पुढं सरकायची.

हे गेले त्या वर्षी मी भोगीला जाणारच नव्हते. ओढून नेलं. मी नको म्हटलं, हातही आडवा धरला. महादेवीनं अर्धी भाकरी मोडून त्या हातावरच ठेवली. घरी मी कित्येक दिवस चहावर काढले होते. त्या दिवशी जेवले.

मेलबर्नला भोगी भर उन्हाळ्यात येते. पहिल्या वर्षी मराठी बायकांचं गेट-टुगेदर पार्कमध्ये होतं, प्रत्येकीनं एकेक डिश आणलेली. नेहा नावाच्या गोड मुलीनं विचारलं, “काकू, अजून घेणार?” मी म्हटलं, “नको गं.” “ओके काकू,” म्हणून ती पुढं गेली. मी पेपर प्लेट धरून तिची वाट बघत बसले. तिची काय चूक? घरी येऊन मी उभ्यानंच ब्रेड खाल्ला आणि मग शहाणी झाले. भूक असेल तर आपलं आपण घ्यायचं, नसेल तर ‘नो थँक्स’. चार वर्षांत हे अंगवळणी पडलं.

यंदा जानेवारीत सोलापूरला आले. आमचं घर विकलेलं, म्हणून सुनंदाकडं उतरले. भोगीचं जेवणही तिच्याकडंच होतं. ताटं मांडली, भाकरीची दुरडी मध्ये आली, आणि माझा हात आपोआप दुरडीत गेला. मी भाकरी उचलली, भाजीही घेतली. बाकीच्या कुणी वाढेल म्हणून नुसत्या बसून होत्या. सगळ्या माझ्या हाताकडं बघत होत्या.

दुसऱ्या वाढपाला महादेवी आली. केस पार पांढरे झालेत तिचे. मी म्हटलं, “नको.” ती थांबली. माझ्याकडं बघितलं. “बरं,” म्हणाली आणि शेजारणीकडं वळली. सुनंदानं हळूच तिला सांगितलं, “बरोबर केलंस. तिकडं जबरदस्ती चालत नाही.”

मी ताटाकडं बघत बसले. ताटात भाजीचा रस तेवढा उरला होता. मी परत निघाले त्या दिवशी महादेवीनं, हे नाहीत म्हणून लावावं की नाही असा विचार न करता, मला हळदी-कुंकू लावलं, पण “सावकाश जावा,” म्हणाली. तीस वर्षांत ती मला ‘जा’ म्हणायची, ‘जावा’ कधी म्हणाली नव्हती.

आता परत इथं आहे. मुलगा विचारतो, “आई, आता इथंच घरासारखं वाटतं ना?” मी हो म्हणते. इथलं ‘नको’ मला जमलंय. पण ज्या एका जागी माझं ‘नको’ कुणी ऐकत नव्हतं, ती जागा मीच दुरडीत हात घालून घालवली, असं वाटत राहतं.

महादेवी, हे तुला लिहितेय. यंदा भोगीला मी ताटावर हात धरला नव्हता. मला भूक होती.