पाचवा बंध

"बघा, हीच ती बाई."

दीडशे पोरं भरलेला हॉल. अमरावतीतला नावाजलेला क्लास. सरांनी मला ऑफिसातून बोलावून फळ्यासमोर उभं केलं होतं. त्यांच्या हातात त्यांचंच नवीन छापलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक.

"हिनं कार्बनला पाच बंध दिलेत. चारच असतात, हे दहावीच्या पोरालाही कळतं."

पोरं हसली. सर पुढं म्हणाले, "यांना जागा मिळतात. डोकं कोण देणार?"

मी क्लासची टायपिस्ट. पुस्तकातली रेणूंची एकूण एक रचना सरांच्या वहीवरून मी काढलेली. माउसनं नाही, कॉम्प्युटरला एकेक सूचना टाईप करून. कोणता अणू, कोणता कोन, रेघ एक की दोन. कॉम्प्युटर सांगाल ते काढतो, बरोबर-चूक विचारत नाही. मी मात्र बीएस्सी केलेली, रसायनशास्त्रातच. सरांच्या वहीतला तो पाचवा बंध मला तेव्हाच दिसला. वही घेऊन गेले. सर मान वर न करता म्हणाले, "तू टाईप कर. शिकवायचं मी बघतो."

मी केलं. ती चूक माझीच.

पहिल्या बाकावर आमच्या वस्तीतली एक पोरगी होती. ती एकटीच हसत नव्हती. वहीत तोंड खुपसून बसली होती. 'यांना' म्हणजे कुणाला, ते तिला कळलं होतं.

तिला पाहिलं. मी मार्कर उचलला. फळ्यावर बरोबर रचना काढली.

"सर, चूक तुमच्या वहीत हाये. मी तुमाले दाखवली होती. तुमी म्हणले, टाईप कर."



"चालती हो," सर म्हणाले.

कुणी उठलं नाही. ती पोरगीही नाही.

शहरातल्या बाकी क्लासवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. आई म्हणाली, "काहून बोलली तू? चूप राह्यली असती त काय बिघडलं असतं?"  

आता अकोल्यात एका छापखान्यात लग्नपत्रिका टाईप करते. परवा एक प्राध्यापक रसायनशास्त्राच्या पुस्तकाचं काम घेऊन आले. म्हटलं, "काढून देते. पण रचना कोणी काढल्या, ते पहिल्या पानावर छापा. माझं पूर्ण नाव, आडनावासकट."

त्यांनी आडनाव विचारलं, ऐकलं. "कळवतो," म्हणाले.

कळवलं नाही. कळवणारही नाहीत. दुसरा कोणी येईल, त्यालाही हेच सांगीन. तोही जाईल. जाऊ दे. चुकलं तर माझ्या नावानं चुकेल. बिननावाची एक रेघसुद्धा आता मी ओढणार नाही.