वजा असेल तर डावीकडे

माझा स्वभाव गोड आहे असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. तोंडानं फटकळ, हे मान्य. पण मी जळकी आहे हे मला पस्तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं मस्कतमध्ये, अल् खुवैरच्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, प्री-कॅल्क्युलस शिकताना.

बारावीनंतर लग्न झालं, मग ओमान, मग मुलगा. तो पाचवीत गेला आणि घरात माझ्याशीही इंग्रजीतच बोलायला लागला, तेव्हा मी ठरवलं की आता आपणही काहीतरी शिकायचं. गाडीनं वीस मिनिटांवर एक खाजगी कॉलेज होतं. तिथे डिझाइनचा डिप्लोमा होता, पण त्याआधी गणिताचा हा एक अडसर पार करावा लागे. सकाळच्या वर्गात मी सोडून सगळी अठरा-एकोणीस वर्षांची ओमानी मुलं. मुली मला आंटी म्हणून खुर्ची द्यायच्या. ट्युनिशियाचे सर फळ्यावर भराभर लिहून ‘यल्ला, नेक्स्ट!’ म्हणायचे, तोवर माझं आधीच्याच ओळीचं ‘हे काय?’ चाललेलं असायचं.

म्हणून संध्याकाळी ह्यांच्याकडे शिकवणी. हे एसीच्या कंपनीत इंजिनियर. सहाला घरी आले, चहा झाला, की डायनिंग टेबलाशी माझ्या समोर बसून शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, वैतागायचे. ‘अगं, हे आत्ता सांगितलं ना?’ हे वाक्य मी त्या चार महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं.

त्याच वर्षी माझी धाकटी जाऊ ओमानला आली. माझे दीर आमच्याकडेच राहायचे. त्यांना फॅमिली व्हिसा मिळाला तशी ती सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन उतरली. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, राजापूरकडची, शांत. गावात पुढे फक्त आर्ट्स होतं म्हणून दहावीनंतर तिचं गणित सुटलेलं. आल्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघर असं काही ताब्यात घेतलं की मला माझ्याच मसाल्याचे डबे विचारून घ्यावे लागायचे. पण मनात म्हटलं, बरंच आहे, मला अभ्यासाला वेळ मिळतोय.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर खुर्चीत बसायचं नाही, कामाशिवाय बोलायचं नाही. वाढायचं आणि आत जायचं. मी थोरली, मला भासरेच नाहीत, त्यामुळे मला ही रीत कधी पाळावी लागली नाही. उलट मीच तिची टर उडवायचे. ही पोरगी मात्र मस्कतमध्येही ती पाळायची. हे टेबलाशी बसले की ती आत. दाराआड पोळ्या लाटायची, वर एक्झॉस्ट फॅन घरघरत असायचा, आणि बाहेर आमचा गणिताचा तमाशा.

एका संध्याकाळी ह्यांनी विचारलं, एकाचा शंभरावा भाग, त्याचा दहाच्या पायावर लॉग किती? मी पेन चावत बसले. आणि आतून, पोळपाटाच्या आवाजातून, बारीक आवाज आला, ‘वजा दोन.’

हे एकदम खुर्चीत ताठ झाले. ‘वा!’ म्हणाले. ‘कोण बोललं?’

कोण बोललं म्हणे! घरात आणखी होतं कोण? सोळा वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला एकदाही ‘वा’ म्हटलेलं नव्हतं. माझ्या कोंबडी-वड्यांना नाही, तीनदा नापास होऊन मिळवलेल्या लायसन्सला नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग ते रोजचंच झालं. मी अडले की हे माझ्याकडे बघायच्या आधी दाराकडे बघायचे, आणि दारातून उत्तर यायचं. ती ऐकून ऐकून शिकत होती. पुस्तक नाही, वही नाही. हायपरमार्केटची जी पत्रकं दारात टाकून जातात त्यांच्या कडेच्या कोऱ्या जागेत ती गणितं सोडवायची आणि बटाट्याच्या टोपलीखाली ठेवायची. मी बघितली होती. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. माझा मुलगासुद्धा होमवर्क घेऊन तिच्याकडे जायला लागला. ‘काकू इज बेटर,’ असं मला तोंडावर सांगून गेला. ह्याला पोटात वाढवला मी!

शेवटी हे म्हणाले, ‘अगं, तिलाही इथे बोलव की. आतून काय दिसतंय तिला? समोर बसली तर झरझर शिकेल.’

मी काय म्हणावं? मी, जिनं ह्या रितीला आयुष्यभर नाकं मुरडली, ती मी म्हणाले, ‘भासऱ्यांसमोर बसेल ती? आईंना कळलं तर काय वाटेल त्यांना?’ आणि तेवढ्यावर थांबले नाही. शुक्रवारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्यांच्या कानावर घातलं, की हे तिला टेबलाशी बसवायचं म्हणतायत. व्हायचं तेच झालं. त्यांनी दोन्ही मुलांना फैलावर घेतलं. विषय खलास. जाऊ दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘ताई, मला आतून ऐकू येतं नीट. तुम्ही काळजी नका करू.’ मी काळजी करतेय असं वाटलं तिला.

जानेवारीत परीक्षा होती. आम्ही वर्ग केलेल्यांची ती शेवटची परीक्षा, आणि वर्ग न करता थेट डिप्लोमाला जायचं असेल तर बाहेरच्यांनाही तोच पेपर. भावोजींनी बायकोचा फॉर्म भरून टाकला. त्यामागे कारण होतं. फेब्रुवारीपासून त्यांची बदली मस्कतपासून दोन तासांवर, खाबुऱ्याला होणार होती, तिकडच्या बाजारातल्या दुकानावर. ती पास झाली तर मुलीला घेऊन मस्कतला आमच्याकडेच राहणार आणि कॉलेजला जाणार. नाही झाली तर नवऱ्याबरोबर खाबुऱ्याला. तिथे दुकानाच्या मागे दोन खोल्या, आणि ना कॉलेज ना काही. ‘मला एकदा वर्गात बसायचंय हो, ताई,’ ती म्हणाली होती, मुलीला भरवता भरवता.

आणि मला काय दिसत होतं? पुढची तीन वर्षं ती माझ्या घरात, माझ्याच वर्गात, माझ्या शेजारच्या बाकावर, आणि सगळ्यांचं ‘वा’ तिला. एकदा तिनं माझी वही मागितली, ग्राफ कसे दिसतात ते बघायला. मी म्हटलं, त्यात अजून लिहायचंय, आणि वही नेऊन गाडीच्या डिकीत टाकली.

परीक्षेच्या दिवशी बाळाला सांभाळायला भावोजी घरी थांबले, आणि तिला घेऊन मीच निघाले. सकाळचे आठ, रस्त्याला हीऽ गर्दी. ती डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून सगळं पुटपुटत होती. सूत्रं, कोन, लॉगचे नियम. एकही चुकत नव्हतं. मला त्यातलं निम्मं आठवत नव्हतं. सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली. आणि ती म्हणाली,

‘एक्समधून तीन वजा असतील तर ग्राफ तीन घरं डावीकडे. अधिक असतील तर उजवीकडे. बरोबर ना, ताई?’

उलटं होतं ते. वजा असेल तर ग्राफ उजवीकडे सरकतो. एवढं एक मला पक्कं येत होतं, आणि ती कुठे चुकली तेही त्या क्षणी लख्ख कळलं. हे माझ्या समोर बसून शिकवायचे. कागद माझ्या बाजूनं सुलटा, त्यांच्या बाजूनं उलटा. ते बोट माझ्या उजवीकडे न्यायचे, पण तोंडानं म्हणायचे, ‘असा सरकव डावीकडे.’ त्यांचं डावं! पहिल्या दिवशी मी हसलेही होते. ‘बोट बघ की माझं,’ म्हणाले होते हे. मी बोट बघत होते. ती पोळ्या लाटत होती. तिच्यापर्यंत नुसता शब्द गेला, चार महिने, रोज.

मस्कतचे सिग्नल लांब असतात. ‘अगं, उलटं’ म्हणायला किती वेळ लागतो?

‘हं,’ मी म्हणाले.

ती समाधानानं हसली आणि पुढचं पुटपुटायला लागली. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कळलं, सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

पेपरात ग्राफचे दोन प्रश्न होते, आठ मार्कांचे. दुसऱ्या प्रश्नासाठी पान उलटताना मी मान वळवून बघितलं. ती माझ्या बाजूला दोन रांगा सोडून बसली होती, पट्टी धरून, जीभ दातात पकडून, सावकाश रेघ ओढत होती. मला बरं वाटलं नाही, असं मी इथे लिहू शकते. पण ते खरं नाही. मला बरं वाटलं.

पास व्हायला साठ लागत. मला त्रेसष्ट पडले. तिला चोपन्न.

सरांनी पेपर दाखवले. ती दोन्ही ग्राफ पत्रकाच्या मागे उतरवून घरी घेऊन आली. त्या संध्याकाळी ह्यांचा पारा चढला. ‘असं होऊच शकत नाही,’ म्हणाले, आणि रीतबीत बाजूला सारून त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. ‘बाहेर ये. बस इथे. दाखव काय काढलंस.’

ती पहिल्यांदाच भासऱ्यांसमोर बसली. खुर्चीच्या अगदी कडेवर. कागद पुढे सरकवला. हे बघत राहिले. मग त्यांनी कागद उलटा फिरवला, परत सुलटा केला.

‘डावीकडे कुणी सांगितलं तुला?’

‘तुम्हीच ना, दादा. रोज म्हणायचात.’

 ह्यांनी स्वतःचं बोट टेबलावर इकडून तिकडे नेऊन बघितलं. ‘अरे देवा,’ म्हणाले. ‘माझं डावं. मी माझं डावं सांगत होतो. माझ्यामुळे गेली तुझी परीक्षा.’

‘तुमच्यामुळे कशी?’ ती घाईघाईनं म्हणाली. तिला भासऱ्यांनी वाईट वाटून घेतलेलं सोसेना. ‘मी गाडीत ताईंनाही विचारलं होतं. त्याही हं म्हणाल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं.’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तू काय काढलंस?’

माझा पेपर त्यांनी बघितला नव्हता. पास झालेल्यांचे पेपर कोण बघतं?

‘डावीकडेच,’ मी म्हणाले. ‘माझंही चुकलं.’

ह्यांनी डोक्याला हात लावला. त्यांनी ती चूक स्वतःवर घेतली ती कायमची. आजही विषय निघाला की ‘मी तिचं वाटोळं केलं’ म्हणतात, आणि मी भाजी चिरत राहते.

जाऊ उठून माझ्याजवळ आली. माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘त्यात काय, ताई,’ म्हणाली. ‘आठ मार्क जाऊनही तुम्ही पास झालात. म्हणजे बाकीचं तुम्हाला किती छान येत असेल.’

तिला ते मनापासून वाटत होतं. मी आत गेले आणि खाबुऱ्याला न्यायच्या बॅगेत तिच्या मुलीचे कपडे भरायला घेतले.