पिठल्यातली गोळी

आमच्या डोणगावात कुणाच्या डोक्यात बिघाड झाला की डॉक्टरच्या आधी गावाचं निदान तयार असतं. अर्धे म्हणतात बाहेरचं आहे, उरलेले म्हणतात बायकोचा जाच. गोपालच्या बाबतीत गावानं दोन्ही ठरवून टाकलं होतं. ज्या बायकोला ते बोल लावत होते, ती पुष्पांजली माझ्या भिंतीला भिंत लागून राहते. मी शाळेतली मास्तरीण, जन्मभर पोरांना गप्प बसवलं, पण गावाला गप्प बसवणं काही जमलं नाही.

पुष्पांजलीचं माहेर बीबी गावचं. अंगानं बुटकी आणि आवाजानं दणदणीत. ती भाजीवालीशी घासाघीस करायला लागली की अर्धी गल्ली ओट्यावर येते. तिचा नवरा गोपाल याच्या अगदी उलट, हळू बोलणारा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मोटर भरायचं दुकान. शेतातल्या विहिरीवरची मोटर जळाली की पंचक्रोशीतली माणसं त्याच्याकडे यायची. तो जळालेली तार काढायचा, तांब्याची नवी तार वेढ्यावेढ्यानं भरायचा आणि बल्ब लावून तपासून मगच मोटर हातात द्यायचा. त्याची भरलेली मोटर सहसा परत यायची नाही.

मागच्या हिवाळ्यात तो स्वतःच भरलेल्या मोटरी उकलायला लागला. तारेत कुणीतरी बोलतं म्हणाला. आधी आम्ही हसलो. मग त्यानं घरातला पंखा खाली उतरवला, मीटरवर गोधडी बांधली, आणि एका जेवणाला ताट सरकवून म्हणाला, "यात काय कालवलं?"

त्या दिवसापासून त्या घरात जेवणाची वेळ झाली की भांडण पेटायचं. पुष्पांजली शपथा घ्यायची, रडायची, शेवटी भांडी आदळायची. सासू झुंबरबाई दारात बसून म्हणायची, "ही घरात आल्यापासूनच माह्या लेकाचं बिनसलं." लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मला इतका संताप यायचा की एकदा भिंतीपलीकडून मीच ओरडले, "झुंबरबाई, चौदा वर्षं पायगुण काय झोपला होता का?" त्यानंतर म्हातारी माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मेंदूचा आजार आहे, औषधानं आटोक्यात येतो म्हणाले, आणि रोजची गोळी दिली. गोपालनं ती त्यांच्यासमोर खिशात घातली आणि घरी येऊन मोरीत टाकली. "मले काही झालं नाई. झालं असन तर तुम्हाले झालं."

त्या दिवसांत पुष्पांजली माझ्याकडे आली आणि तांदूळ निवडता निवडता थांबली. "काकू, मले त्यायचा राग येते. बिमार माणसाचा राग यावा का?" मी म्हटलं, येतो. सगळ्यांनाच येतो, बोलत कुणी नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं.

आता आमच्याकडची एक रीत. आमचा सगळा जिल्हा गजानन महाराजांना मानतो, आणि दर गुरुवारी घरोघरी महाराजांना पिठलं-भाकरीचा नैवेद्य असतो. बाकी कशालाही हात न लावणारा गोपाल तो प्रसाद मात्र खायचा. महाराजांच्या ताटात कुणी काही कालवणार नाही, एवढा एक भरवसा त्याच्याजवळ शिल्लक होता. झुंबरबाईनं ते बरोबर हेरलं. गुरुवारचा नैवेद्य तिनं रोजचा केला आणि सुनेच्या हातात नव्यानं आणलेलं गोळ्यांचं पाकीट दिलं. "कूट अन् पिठल्यात टाक. महाराज काही रागावत नाई. माय हाय मी त्याची."

मी झुंबरबाईला वाईट म्हणणार नाही. लेक डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि तिला दुसरा रस्ता दिसत नव्हता. पण रोज ताट समोर आलं की गोपाल बायकोला विचारायचा, "महाराजांची आण, यात काही नाई ना?" आणि पुष्पांजली म्हणायची, "आण. काही नाई." असं म्हणून ती स्वयंपाकघरात जायची आणि नळ मोठा सोडून उभी राहायची.

गोळी लागू पडली, हेच तर अवघड झालं. गोपालला झोप लागायला लागली, मीटरवरची गोधडी निघाली, एका शेतकऱ्याची मोटर त्यानं पूर्ण भरूनही दिली. झुंबरबाईनं गल्लीत पेढे वाटले. आणि एका सकाळी पाणी प्यायला आत आलेल्या गोपालनं देवघराच्या आडोशाला पुष्पांजलीला वाटीच्या बुडानं गोळी कुटताना पाहिलं.

तो दुकानात गेला, शटर अर्धं खाली ओढलं आणि खाणं सोडलं. पाणी प्यायचा तेही चौकातून स्वतः आणलेल्या बंद पाउचचं. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. दोन-तीन दिवसांत त्याचे गाल आत गेले. डॉक्टर फोनवर म्हणाले, पोटात अन्न नाही, उद्यापर्यंत वाट पाहू नका, आजच भरती करा.

दुपारी मेहकरहून धाकटा भाऊ कुलदीप जीप घेऊन आला. सोबत दोन दणकट माणसं आणि बैलाचं दावं.

"वहिनी, सरका. बांधून नेतो. तिकडं गेल्यावर सुधरन."

पुष्पांजली शटरसमोर उभी राहिली. एवढ्या आवाजाची बाई, पण त्या दिवशी हळू बोलली. "भाऊजी, बांधलं तर ते जिते राहतीन, पण माह्या हातचं जल्मात खाणार नाईत. मले एकडाव बोलू द्या. नाई ऐकलं तर मीच दावं धरीन."

कुलदीपनं घड्याळ पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मी ओट्यावरून म्हटलं, "बोलू दे तिला." कुणी मला विचारलं नव्हतं.

तिनं घरातून ताट आणलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. शटरखालून वाकून ती आत गेली, मीही ओट्यावरून उतरून शटरपाशी वाकले. गोपाल कोपऱ्यात मोटरीच्या सांगाड्यांमध्ये बसला होता आणि हातात स्क्रू काढायचा पेचकस होता. कुलदीप पुढे सरसावला, तिनं मागे हात करून त्याला थांबवलं आणि खाली बसली.

"मीच टाकत होती," ती म्हणाली. "गोळी. कुटून, पिठल्यात."

"पुष्पे!" बाहेरून झुंबरबाई किंचाळली.

"महाराजांच्या ताटात?" गोपालनं विचारलं.

"हाव."

"आण घेऊन?"

"आण घेऊन. रोज खोटं बोलली."

मला वाटलं, आता पेचकस उगारतो. कुलदीपलाही तेच वाटलं असणार, त्याच्या हातातलं दावं ताणलं गेलं होतं. पण गोपालचा चेहरा एकदम सैल पडला आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"म्हंजे मले भास नव्हता."

"नव्हता. ताटातलं खरं होतं."

"अन् तारेतलं?"

इथं हो म्हणणं सोपं होतं. तो खूश झाला असता, जेवलाही असता. पण पुष्पांजली म्हणाली, "ते मले ऐकू येत नाई. तुम्हाले येते, हे मले मान्य हाय. त्याच्यावरचीच ती गोळी हाय. पण आता तुमच्या नजरेआड काहीच देणार नाई. मरण आलं तरी नाई."

गोपालनं डोळे पुसले आणि ताटाकडे बोट केलं. "तू खा आधी."

चौदा वर्षांत ती नवऱ्याच्या आधी कधी जेवली नव्हती, तेही सासू-दिराच्या देखत. तिनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. मग दुसरा खाल्ला. तिसरा गोपालनं तिच्या ताटातून उचलला. कुलदीपनं त्या दोन माणसांना चहाला पाठवलं आणि दावं जीपमध्ये टाकलं.

जेवतोय तोवर घरीच ठेवा, पण गोळीचं पहा, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. तेव्हापासून त्यांच्याकडे रोज संध्याकाळी एकाच ताटात दोघं जेवतात, पहिला घास तिचा. ताटाशेजारी बशी, बशीत अख्खी गोळी. घ्या म्हणायचं नाही, असं पुष्पांजलीनं सासूला बजावलं होतं. गोळी बशीतच राहायची. तारेतलं बोलणं पुन्हा वाढलं, मीटरवर गोधडी परत आली. झुंबरबाई माझ्याकडे येऊन हात चोळायची, "अवं मास्तरीण, हिच्या खऱ्यापायी माहा लेक जाईन." खरं सांगते, मलाही वाटत होतं की कुटावी एखादी गुपचूप.

परवा मी कढीपत्ता मागायला गेले तेव्हा दोघांचं जेवण नुकतं झालं होतं. गोपाल हात धुऊन दुकानात गेला होता. बशी रिकामी होती.

झुंबरबाई लगबगीनं पुढे झाली आणि चटई उचलायला वाकली. पुष्पांजलीनं तिचं मनगट धरलं.

"नाई, आत्याबाई."

"अवं, फेकली असन तर?"

"तर फेकली," पुष्पांजली म्हणाली. म्हातारीचं मनगट तिनं सोडलं नाही. "उद्या दुसरी ठेवीन. पण शोधू नका."