आप्पांनी रंगवलेली गाडी

आमच्या आणि शेजारच्या हिंमतआप्पांच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. दर उन्हाळ्यात भिंतीच्या अलीकडे माझे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, खाटेवर वाळत, आणि पलीकडे आप्पा आपल्या ट्रकचा गंज खरवडत. वारा कोणाच्या बाजूने असायचा हे सांगायला नको. लग्न होऊन म्हसावदला आले तेव्हा माझं पहिलं भांडण सासूशी नाही, आप्पांशी झालं. लाल धुरळा बसलेला बिबडा मी त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो निरखून पाहिला, त्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "माय, बिबडा पुढला सालले बी व्हतीन. गंज थांबत नही."

आप्पांना जाऊन दोन उन्हाळे झाले. माझे बिबडे हल्ली पांढरेशुभ्र वाळतात, आणि खरं सांगते, मला ते आवडत नाही.

त्यांची गाडी हंगामभर पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला ऊस वाहायची. ओल्या उसाचा रस फळ्यांतून खाली झिरपायचा आणि पत्रा खायचा. हंगाम संपला की आप्पा गाडी अंगणात घेत. लोक शहाद्याला पेंटरकडे गाड्या लावतात. आप्पांना ते पटायचं नाही. पेंटर गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, थापतात, वरून रंग मारतात, म्हणून त्यांचा राग. "गंजवर लांबी म्हंजे गळूवर पावडर," असं म्हणत. वायर ब्रश, पॉलिश पेपर, मग सडलेला पत्रा कापून नव्याचं ठिगळ, मग लाल प्रायमर, मग निळा रंग. उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून घराचं दार निळं, मोरी निळी, पाण्याची टाकी निळी. एका वर्षी मी माहेरी गेले होते तर आमचं फाटकसुद्धा निळं करून ठेवलं! विचारायची पद्धत त्या माणसाला ठाऊकच नव्हती.

शेवटच्या वर्षी गाडी मुलाच्या, सुनीलच्या हाती जायची होती. आप्पांचे गुडघे गेले होते. सुनीलने धडगावला सिमेंट आणि सळ्या पोहोचवायचं काम ठरवलं होतं. घाटाचा रस्ता, पण बारमाही काम. पोरगा खुशीत होता, त्याची बायको आम्हाला पेढे देऊन गेली होती. गाडी तेवढी अंगणातून बाहेर पडायची राहिली होती.

मी बिबडे उलटत होते, तेव्हा पलीकडचं खरवडणं एकदम थांबलं. आप्पा गाडीखाली आडवे होते. मागच्या चाकांच्या स्प्रिंगपाट्यांजवळ त्यांनी चेसिसला स्क्रूड्रायव्हर टोचला होता आणि तो मुठीपर्यंत आत गेला होता. ज्यावर अख्खी गाडी उभी, तेच लोखंड आतून संपलं होतं. सुनील वाकून बघून आला.

"आप्पा, पट्टी मारी लेऊत. वरथीन काळा रंग. कोनले समजी?"

"घाटले समजी," आप्पा गाडीखालूनच म्हणाले.

त्यानंतर त्या घरात जे झालं ते भिंत असूनही आम्हाला सगळं ऐकू आलं. सुनील म्हणाला, सगळे असंच चालवतात. सून रडली. आप्पांनी एकच वाक्य धरून ठेवलं, "हाई गाडी घाटमा जावाव नही." सुनीलने बापाशी बोलणं टाकलं आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागला. गल्लीतले लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याने पोराच्या पोटावर पाय दिला. मीही मनात तेच म्हटलं होतं.

गाडी भंगारात द्यायचं ठरलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा खर्र खर्र सुरू! माझं डोकंच फिरलं.

"आप्पा, गाडी भंगारमा जाई ऱ्हायनी ना? मंग हाऊ धुरळा कसाले?"

आप्पा हात न थांबवता म्हणाले, "माय, मरेल मानूसले आंघोय घालतस, नवं कापड घालतस का नही? त्याले कोठे लगीनले जानं ऱ्हास?"

मी खाट उचलून आत नेली.

चेसिस सोडून त्यांनी सगळी गाडी रंगवली. इतकी देखणी ती कधीच दिसली नव्हती, आणि तिथेच घोटाळा झाला. शहाद्याचा भंगारवाला पिकअपमधून गॅस कटर घेऊन आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "आप्पा, हाई काबरं तोडानी? मी चालू गाडीना भाव देस. गिऱ्हाईक शे मन्हाकडे."

आप्पांनी त्याला खाली वाकवून भोक दाखवलं. तो हसला. "इतलं तं चालस."

सुनील दारात उभा होता. त्या भावात त्याची जुनी का होईना, दुसरी गाडी आली असती. आप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डिझेलची टाकी त्यांनी आधीच उतरवून ठेवली होती. ते भंगारवाल्याला म्हणाले, "पहिले आठे काप. मन्हा देखता. मंग लई जाय." चालू गाडीचा भाव सोडून ती तिथेच अंगणात कापायला भंगारवाला काही तयार होईना. तेव्हा आप्पा स्वतःच कटर घ्यायला वाकले, आणि गुडघे त्यांना खाली बसू देईनात.

सुनील पायरी उतरला. बापाच्या हाताखालून त्याने कटर काढून घेतला आणि गाडीखाली शिरला. आधी वरचा नवा रंग फुगला, वास सुटला. लोखंड तुटायला वेळच लागला नाही. सुनीलने कापलेल्या जागी हातोडी मारली, तर पापुद्र्यांचा ढीग खाली पडला, नुसता भुगा. त्यातला चिमूटभर त्याने बोटांत चुरून पाहिला. महिनाभरात सिमेंट भरून तो त्याच लोखंडावर घाट चढणार होता.

मग तो बाहेर आला, हात झटकले आणि बापाच्या काखेत हात घालून त्याला घराकडे वळवलं.

"चला आप्पा. च्या पिऊत."